दिवेवाला डबा



या आठवड्याच्या गठ्ठ्यात एक जाडजूड पाकीट होतं. आमच्याच उस्मानपुऱ्यातून आलेलं. शाळेत येऊन हातात दिलं असतं तरी चाललं असतं, पण पत्र म्हणजे पत्र! सातवीतल्या एका मैत्रिणीनं लिहिलंय. ‘माझं नाव छापू नका’ हे वाक्य पत्रात तीनदा आलंय, तेव्हा नाव राहू दे. प्रश्न मात्र असा झकास आहे की आजचं पान त्या एकालाच देऊन टाकते.

तिच्या पप्पांचं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. लग्न, बारसं, जयंती, गणपती, सगळीकडे त्यांचे भोंगे आणि खोकी जातात. तिचा दादा इथल्याच तंत्रनिकेतनात शिकतो आणि गिटार वाजवतो. दोन वर्षं सुट्टीत त्यानं पप्पांच्याच हाताखाली वायरी ओढल्या, खोकी उचलली आणि पैसे साठवले. आता त्याला गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाय. तोही साधा नाही, व्हॉल्व्हचा! म्हणजे आत काचेचे दिवे असलेला. पुण्यात कुणीतरी जुना विकायला काढलाय. किंमत ऐकून पप्पांचा पारा चढला. ‘असले दिवेवाले डबे तुझ्या आजोबांनी किलोच्या भावानं भंगारात घातले आणि तू पैसे मोजून घरात आणतोस?’ दादा म्हणाला, ‘तुम्हाला त्यातलं काही कळत नाही.’ झालं! तेव्हापासून बोलणं बंद. मधल्यामध्ये टपालखातं आमच्या मैत्रिणीकडं. ‘दादाला सांग, जेवायला ये.’ ‘पप्पांना सांग, भूक नाही.’ ती विचारते, ‘बाई, दोघांपैकी बरोबर कोण?’

मी पडले चौथीच्या वर्गाची बाई. घरातली भांडणं सोडवणं माझ्या अभ्यासक्रमात नाही. पण डब्याच्या पोटात काय आहे ते आपण बघू शकतो.

आधी गिटारकडं बघू. विजेवरची गिटार अ‍ॅम्प्लिफायरशिवाय वाजवून पाहिलीय का कधी? डास गुणगुणल्याएवढा आवाज येतो. तिला साध्या गिटारसारखी आवाज घुमवणारी पोकळ पेटीच नसते. तारांच्या खाली पिकअप नावाची एक पट्टी असते. त्यात चुंबक आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली, की वेढ्यांमध्ये किंचितशी वीज तयार होते. तारेची जशी थरथर तशीच विजेची थरथर. पण ही वीज इतकी दुबळी, की कर्णा तर सोडाच, खेळण्यातला दिवासुद्धा तिच्यावर लागणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजतो ना? त्याचंही असंच असतं. तोही पिकअपवर चालतो आणि त्यालाही अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

आता अ‍ॅम्प्लिफायर काय करतो? लहान आवाज आत घालायचा आणि फुग्यासारखा फुगवून बाहेर काढायचा, असं बहुतेकांना वाटतं. तसं मुळीच होत नाही.

पैठणचं जायकवाडी धरण आठवा. त्याला २७ दरवाजे आहेत. ज्या वर्षी चांगला पाऊस होतो, त्या वर्षी दरवाजे उघडल्याची बातमी येते आणि आमचं अर्धं गाव पाणी बघायला पैठणला पळतं. दरवाजा उचलणारी मोटार केवढीशी आणि खाली कोसळणारी गोदावरी केवढी! मोटार पाण्याला ढकलत नाही. ती फक्त दरवाजा वर-खाली करते. ताकद सगळी धरणात साठलेल्या पाण्याची. समजा, एखाद्यानं तो दरवाजा गाण्याच्या तालावर वर-खाली केला, तर खालचा लोंढाही त्याच तालावर कमी-जास्त होईल. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे हेच. गिटारची दुबळी वीज दरवाजा हलवते आणि भिंतीतल्या सॉकेटमधून आलेल्या विजेचा मोठा लोंढा स्पीकरकडं सुटतो. म्हणजे ताकद गिटारची नाहीच, महावितरणची आहे! गिटार नुसती हुकूम सोडते.

मग दरवाजा कशाचा करायचा? भांडण तिथंच आहे.

पहिला दरवाजा काचेच्या नळीत होता. हवा काढून टाकलेली बंद नळी. आत एक धातूची नळकांडी, तिला आतून तापवायचं. ती लाल झाली, की तिच्यातून इलेक्ट्रॉन उडायला लागतात, मधल्या सुट्टीची घंटा जवळ आली की तुम्ही बाकावर उड्या मारता तसे. समोर एक धातूची पट्टी, तिच्यावर दोनशे, तीनशे, कधी चारशे व्होल्ट. तिच्या ओढीनं इलेक्ट्रॉन तिकडं धावतात. जॉन फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०४ साली अशी नळी केली. तिच्यातून वीज एकाच दिशेनं जायची, म्हणून नाव पडलं व्हॉल्व्ह, आपल्या सायकलच्या ट्यूबला असतो तसा. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं मध्ये बारीक तारेची एक जाळी घातली. जाळीला दिलेली चिमूटभर वीज इलेक्ट्रॉनच्या सगळ्या लोंढ्याला अडवू किंवा सोडू शकते. हा झाला धरणाचा दरवाजा. अमेरिकेत या नळीला ट्यूब म्हणतात. गिटारवाल्यांच्या तोंडीही तेच नाव आहे. आपल्या जुन्या रेडिओवाल्यांच्या तोंडी मात्र व्हॉल्व्हच.

आजी-आजोबांना विचारा. रेडिओचं बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. अर्धा मिनिट थांबावं लागे. मागच्या फटीतून केशरी उजेड दिसायला लागला, की आजोबा म्हणत, ‘हां, तापला.’ ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी रेडिओ असाच. रेडिओवर मांजर जाऊन बसायचं ते ऊब मिळते म्हणून! या नळ्या आपल्या देशातही होत असत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं १९६१ साली रेडिओच्या व्हॉल्व्हचं उत्पादन सुरू केलं. आणि गंमत बघा, १९६२ साली त्याच कंपनीनं व्हॉल्व्हला घरी बसवणारी वस्तूही बनवायला घेतली.

ती वस्तू म्हणजे ट्रान्झिस्टर. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी तो पहिल्यांदा चालवून दाखवला. त्यांच्या गटाचे प्रमुख विल्यम शॉक्ली. तिघांना मिळून १९५६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ट्रान्झिस्टरमध्ये काच नाही, पोकळी नाही, तापवणं नाही. जर्मेनियम किंवा सिलिकॉनचा एक घट्ट तुकडा आणि त्याच्या आतच विजेची वाट अडवण्या-सोडण्याची सोय. घट्ट तुकड्यात सगळं चालतं म्हणून इंग्रजीत त्याला सॉलिड स्टेट म्हणतात. पुढं खिशात मावणारे रेडिओ निघाले आणि लोक त्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागले. शेतात बैलाच्या शिंगाला अडकवलेला ट्रान्झिस्टर तुम्ही पाहिला नसेल, तुमच्या आजोबांनी नक्की पाहिलाय.

आता पप्पांची बाजू घेते. रिक्षात भोंगा लावून गल्लीबोळातून जाहिरात करत जातात ना, तो अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. चालतो, कारण आत ट्रान्झिस्टर आहे. व्हॉल्व्हला कित्येकशे व्होल्ट लागतात, शिवाय तापायला वेगळी वीज. तीस वॅटचा आवाज काढायचा तर शंभराहून जास्त वॅट खाणार आणि उरलेल्याची उष्णता करणार. वजन विचारू नका. लोखंडाचे दोन-दोन ट्रान्सफॉर्मर आत, एक वीज वाढवायला आणि दुसरा स्पीकरशी जुळवायला. वर काच! टेम्पोत खोकी चढवताना एखादं आदळलं की नळी गेली. न आदळताही ती हळूहळू थकतेच, बल्ब जातो तशी. लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकं ऐन रंगात आणि डबा बंद, असं झालं तर वरबाप सोडेल का? आहुजाचे अ‍ॅम्प्लिफायर देशभरच्या मांडवांत दिसतात. ती दिल्लीची कंपनी १९४० पासूनची, म्हणजे ट्रान्झिस्टरचा जन्मही व्हायचा होता तेव्हाची. आज त्यांच्या मांडवातल्या डब्यांत दिवे शोधून सापडायचे नाहीत. तेव्हा आजोबांनी दिवेवाले डबे भंगारात घातले ते शहाणपणानंच. मीही घातले असते.

मग जगभरचे गिटारवाले अजून त्या काचेच्या नळ्या का कवटाळून बसलेत?

परत धरणावर चला. दरवाजा थोडा उघडा, थोडा बंद, असं चाललंय तोवर सगळं ठीक. पण एकदा पूर्ण उघडल्यावर मोटार कितीही फिरवा, पाणी आणखी वाढणार नाही. पूर्ण बंद झाल्यावर आणखी कमीही होणार नाही. अ‍ॅम्प्लिफायरचं असंच होतं. वहीत एक छान गोल लाट काढा, डोंगर आणि दरी, डोंगर आणि दरी. ही गिटारची वीज. आवाजाचं बटण वाढवत नेलं, की डोंगर उंच होत जातो. होता होता एक वेळ अशी येते, की डब्याची ताकद संपते. साध्या ट्रान्झिस्टरच्या डब्यात तेव्हा डोंगराचा माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट होतो. व्हॉल्व्हचं तसं होत नाही. ताकद संपत आली की तो आधीपासूनच थोडा थोडा कमी वाढायला लागतो, त्यामुळं माथा दाबल्यासारखा गोलसर होतो. वहीत दोन्ही काढून बघा. कापलेल्या लाटेला धारदार कोपरे असतात. आणि लाटेत कोपरा आला, की आवाजात अगदी उंच, टोचणारे सूर घुसतात. दाबलेल्या लाटेतही नवे सूर येतात, पण ते मूळ सुराच्या जवळचे, जरा भरीव. ऐकणारा म्हणतो, ‘आवाजाला ऊब आहे.’ (ऊब खरी त्या नळीला असते, पण असो.)

पप्पांच्या धंद्यात हा फाटलेला आवाज म्हणजे नामुष्की. माइकवर बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला पाहिजे. गिटारवाल्यांनी मात्र या दोषाचीच चटक लावून घेतली. १९६४ साली लंडनच्या किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिस नावाच्या पोरसवदा गिटारवाल्यानं तर कहरच केला. आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा त्यानं ब्लेडनं चिरला! त्या फाटक्या पडद्याच्या खरखरीतून ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणं तयार झालं आणि ते तिकडं तुफान गाजलं. (पप्पांच्या दुकानातल्या स्पीकरवर हा प्रयोग केलात, तर माझं नाव सांगायचं नाही.)

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६२ साली, लंडनमध्येच जिम मार्शल नावाचे ड्रम शिकवणारे आणि वाद्यांचं दुकान चालवणारे गृहस्थ अ‍ॅम्प्लिफायर बनवायला लागले. त्यांच्या गिऱ्हाइकांना अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांच्या कंपनीचे डबे हवे असत, पण ते पडायचे महाग. मग मार्शल आणि त्यांच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरचाच एक डबा समोर ठेवून तिकडं मिळणाऱ्या सामानातून आपला केला. सामान बदललं तसा आवाजही बदलला, जास्त लवकर आणि जास्त रगेल फाटायला लागला. लोकांना तोच आवडला. आणि हे लिओ फेंडर मुळात कोण? रेडिओ दुरुस्त करणारे! १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तेव्हा ‘तुम्हाला त्यातलं काही कळत नाही’ हे साउंडवाल्या माणसाला सांगण्याआधी दादानं थोडा विचार करावा.

दोष आवडतो, हे तुम्हाला विचित्र वाटतंय का? मग मिरजेला जाऊ या. गाण्याच्या कार्यक्रमात गायकाच्या मागं तंबोरा धरून बसतात. त्याची तार नुसती ‘टण्’ अशी वाजून थांबत नाही, ‘झ्यांऽऽऽ’ करत राहते. ती ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा रुंद आणि अगदी किंचित गोलसर घासलेला असतो. तार थरथरताना त्या माथ्याला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते. शिवाय तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर इकडं-तिकडं झाला तरी आवाज बिघडतो. याला म्हणतात जवारी. खरं बघाल तर तार घोडीवर घासणं हा दोषच की! पण तो असा नेमका साधलेला असतो, की एका तारेतून तिच्या पोटातले वरचे सूर फुलून बाहेर येतात. कान देऊन ऐकलंत तर षड्जाच्या तारेत तुम्हाला पंचम ऐकू येईल, आणखी शांत बसलात तर गंधारही. कुणी तो गंधार वाजवलेला नसतो. मिरजेत हे काम दीडशेहून जास्त वर्षं चाललंय. फरीदसाहेब शिकलगार यांनी ते सुरू केलं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, त्यांनी वाद्यांना सूर लावला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

गिटारवाल्यासाठी व्हॉल्व्ह म्हणजे जवारीच. साउंडवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर वाद्याच्या बाहेर असतो, वाद्याचा निरोप पोचवतो. गिटारवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर हे वाद्याचं दुसरं अर्धं अंग असतं. तंबोऱ्याचा भोपळा काढून घेतला तर काय उरेल? तसंच. पप्पा आणि दादा एकच शब्द वापरतात, ‘अ‍ॅम्प्लिफायर’, पण दोघांच्या मनातल्या वस्तू दोन आहेत.

इथवर वाचून दादानं उड्या मारल्या असतील. थांब जरा, तुझाही कान धरायचाय.

‘ट्रान्झिस्टरचा डबा म्हणजे टाकाऊ’ असं गिटारवाल्यांच्या अड्ड्यावर सर्रास बोललं जातं. ते कुठून आलं? १९६६ मध्ये फेंडर कंपनीनं ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर काढले. ते वारंवार बिघडत, आवाजही कोरडा. पाच वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. नाव खराब झालं ते झालंच. पण १९७५ साली जपानच्या रोलँड कंपनीनं जेसी-१२० नावाचा ट्रान्झिस्टरचा डबा काढला. त्याचा स्वच्छ, पाण्यासारखा नितळ आवाज इतका आवडला, की तो डबा पुढं कित्येक दशकं निघत राहिला. अमेरिकेचे बी. बी. किंग हे गिटारचे केवढे मोठे उस्ताद! त्यांनीही लॅब सिरीजचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर अनेक वर्षं वापरला. त्यांच्या बोटांत जे होतं ते कुठल्याही डब्यातून आलंच असतं, असं आपलं माझं मत.

आणि आता माझी आवडती गोष्ट. तिचा एक धागा आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. झांझिबार बेटावर जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. वसतिगृहात राहायचा, पियानो शिकायचा. शाळेतल्या मित्रांबरोबर त्यानं द हेक्टिक्स नावाचा बँडही काढला. तोच पुढं इंग्लंडला गेला आणि फ्रेडी मर्क्युरी नावानं जगाला माहीत झाला. त्याच्या बँडचं नाव क्वीन.

क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे. यानं आपली गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडापासून. दोघं बाप-लेक १९६३ पासून दोन वर्षं तिच्यावर खपत होते. ब्रायनचा आवडता डबा व्हॉक्स एसी-३०, अस्सल व्हॉल्व्हचा. त्याचं आवाजाचं बटण तो शेवटपर्यंत फिरवून ठेवतो आणि आवाज कमी-जास्त करतो गिटारवरच्या बटणानं, म्हणजे व्हॉल्व्ह कायम दमलेले राहतात. आता तुम्ही म्हणाल, हा तर दादाच्या पार्टीतला! पुढं ऐका. त्याच बँडमधला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. १९७२ च्या सुमारास लंडनमध्ये रस्त्याकडेच्या भंगाराच्या पेटीत त्याला ट्रान्झिस्टरचं एक टाकून दिलेलं सर्किट दिसलं. त्यानं ते उचललं, घरी आणून एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं. आवाजाचं बटणसुद्धा नाही त्याला. ब्रायननं त्यात गिटार लावली आणि खूष झाला. त्या खोक्यातून गिटारचा आवाज कधी सनईसारखा, कधी तुतारीसारखा, कधी व्हायोलिनसारखा निघायचा. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात एक अख्खा बँड वाजतोय असं वाटतं. तो सगळा ब्रायनची गिटार आणि ते भंगारातलं खोकं! एकाच माणसाकडं खोलीभर घुमणारे व्हॉल्व्हचे डबेही होते आणि हे चिमुकलं ट्रान्झिस्टरचं खोकंही. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नव्हतं.

आता रोकडं बोलू, कारण पैसे दोन वर्षांच्या घामाचे आहेत.

दादा, तू वाजवणार कुठं? उस्मानपुऱ्यातली घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मोठा व्हॉल्व्हचा डबा दमेपर्यंत वाढवलास, तर आधी शेजारच्या आजी येतील आणि मग पोलीस. कमी आवाजात वाजवायचा तर त्या महागड्या नळ्यांची खरी गंमत बरीचशी वायाच जाते. घरासाठी घ्यायचाच तर पाच वॅटचा छोटा व्हॉल्व्हही पुष्कळ होतो. आणि तोही कमी नसतो, सावध राहा. नळ्या आता मिळतात त्या बहुतेक चीन, रशिया आणि स्लोव्हाकियातून येतात. रेडिओतल्या त्या छोट्या नळ्या बेंगळुरूला होत नाहीत. नळी गेली तर नवी आणायचा खर्च आणि बसवून देणारा कारागीर, दोन्हींचा आधी हिशेब कर. तिसरी वाटही आहे. हल्ली संगणकाच्या चिपवर व्हॉल्व्हची नक्कल करणारे डबे मिळतात. ते हेडफोन लावूनही वाजवता येतात आणि नक्कल दरवर्षी सुधारतेय. घराघरांतून तेच जास्त दिसायला लागलेत.

पैसे द्यायच्या आधी एक परीक्षा घ्या. पप्पा आणि दादा दोघांनी ओळखीच्या वाद्यांच्या दुकानात जायचं, आणि आमच्या मैत्रिणी, तुलाही बरोबर घ्यायला सांग. व्हॉल्व्हचा एक, ट्रान्झिस्टरचा एक, नकलेचा एक, असे तीन डबे मागायचे. दुकानातल्या माणसाला गिटार वाजवायला सांगायची, तिन्हींवर तीच सुरावट. पप्पा आणि दादा पाठ करून उभे राहतील. वायर कुठल्या डब्याला लावायची ते तू ठरवायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. दोघांनीही आपापल्या कागदावर गुण द्यायचे, एकमेकांचं न बघता. एक गोष्ट मात्र नक्की सांभाळ. तिन्हींचा आवाज सारखा मोठा पाहिजे. जो थोडासा जास्त मोठा वाजतो, तोच कानाला चांगला वाटतो, मग आत काहीही असो! आवाज सारखा करायला पप्पांइतका तयार कान तुमच्या घरात दुसरा कुणाचा नाही, तेव्हा ते काम त्यांच्याकडं द्या. आधी स्वच्छ आवाजात ऐका, मग फाटेपर्यंत वाढवून. दोन्ही वेळचे गुण वेगळे लिहा. पहिल्या फेरीत आणि दुसऱ्या फेरीत गुण बदलले, तर दचकू नका.

पुण्याचा तो जुना डबा बघायला गेलात, तर ही एक गोष्ट सगळ्यांसाठी, भंगारातला रेडिओ खोलून बघायची हौस असणाऱ्यांसाठीसुद्धा. व्हॉल्व्हच्या डब्यात तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात. ते साठवून ठेवायला आत कपॅसिटर नावाचे डबीएवढे गोल तुकडे असतात. वायर सॉकेटमधून काढली, दिवे विझले, डबा थंडगार झाला, तरी त्यांत वीज उरलेली असू शकते. ती माणसाचा जीव घेऊ शकते. त्यामुळं मागचं झाकण काढायचं ते जाणत्या कारागिरानंच. आधी तो कपॅसिटर रिकामे करील, मीटर लावून खात्री करील आणि मग आत बोट घालील. तुम्ही त्याच्या मागं उभं राहून बघा. हात मात्र पाठीमागं बांधून.

– तुमच्या बाई